थांबराव आणि त्र्याऐंशी टक्के

थांबराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. हॉस्पिटलात कुठलाही कॉम्प्युटर अडला आणि त्यांना फोन लावला की पलीकडून आधी "थांबा, बघू" एवढंच यायचं, मग एक लांब श्वास, मग फोन ठेवल्याचा आवाज. कुणा नर्सनं ते नाव पाडलं आणि ते असं चिकटलं, की एकदा खुद्द अधीक्षकांनी भर बैठकीत विचारलं, "थांबराव, तुमचं काय म्हणणं?" सगळे हसले. थांबरावही हसले. त्या काळी ते हसायचे.

मी त्याच हॉस्पिटलात, रेकॉर्ड विभागात. सव्वीस वर्षं झाली. मलाही नाव आहे, फौजदारीण. ते कसं पडलं ते पुढे येईलच. पण ऐकून कोणी माझ्याबद्दल चांगलं मत करून घेऊ नये, म्हणून आधीच बजावते: त्या नावाखाली माझं पाप झाकलेलं आहे.

थांबराव मूळचे लिफ्टचे मेकॅनिक. पहिला सर्व्हर आला तेव्हा तो खोक्यातून उचलून बाहेर काढायला दणकट माणूस हवा होता, म्हणून यांना बोलावलं. बाकीचे खोकं उचलून घाम पुसत निघून गेले, आणि हे तिथेच जमिनीवर मांडी घालून आतलं माहितीपुस्तक वाचायला बसले. "सगळ्यांत कागद वाचणारा मी एकटाच निघालो, म्हणून गळ्यात पडलं," असं सांगायचे. सर्व्हरची खोली तळमजल्यावर, एक्स-रे विभागाच्या मागे. तिथे यंत्रासाठी थंडावा ठेवलेला, त्यामुळे बाहेर लाही लाही होत असली तरी यांच्या अंगात तपकिरी स्वेटर. कोपरं विरलेली. मुलगी दर वर्षी नवा आणायची आणि तो कपाटात जाऊन पडायचा. बायको मुलीच्या शाळकरी वयातच गेली होती. त्यांच्या घरात माणसं दोनच, बाप आणि लेक.

दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो, माझ्या टेबलाशी. मला ते "तू" म्हणायचे, "अगं बाई" म्हणायचे, मी त्यांना "तुम्ही". माझ्या आमटीत मीठ जास्त असतं ही त्यांची कायमची तक्रार, आणि तरी डब्याचं झाकण पुसून खायचे. मी म्हणायचे, "खायचं तर गुपचूप खा, नाहीतर उद्यापासून डबा उघडणारच नाही." माझा भाऊ लांब राहतो, नवरा अबोल. दिवसभरात मी पोटातलं बोलायचे ती या एका माणसाशी. एक गोष्ट सोडून.

ती गोष्ट सांगायची तर सर्व्हिस पॅक म्हणजे काय ते सांगायला हवं. थांबरावांनी मला समजावलं होतं ते असं: सॉफ्टवेअरची कंपनी वर्षभर लोकांच्या शिव्या खाते, मग आपल्या चुका गोळा करून त्यांवरची ठिगळं एकगठ्ठा पाठवते, तो पॅक. तो सर्व्हरवर बसवायचा. बसवताना पेशंटचा प्रोग्राम कोणीही उघडा ठेवायचा नाही. ज्या फाइलीवर ठिगळ लावायचं तीच कोणी उघडून बसला असेल, तर लावणार कुठे? अंगातला सदरा अंगात ठेवून शिवता येत नाही.

म्हणून रविवारी दुपारी, गर्दी नसताना काम. प्रत्येक टेबलाला आणि वॉर्डाला आधी फोन करून ते विचारायचे, "बंद केलं का?" आणि सगळे म्हणायचे, "हो, केलं."

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी मीही म्हणाले, "हो, केलं."

केलं नव्हतं. मी एक लांबलचक नोंद करत होते, चाळीस ओळींची. निम्मी झाली होती. ती पूर्ण झाल्याशिवाय जतन होत नसे, आणि प्रोग्राम बंद केला असता तर निम्मी मेहनत पाण्यात गेली असती. आम्हा रेकॉर्डवाल्यांचा हा रोगच आहे, लिहिलेली ओळ पुसवत नाही. मी स्क्रीनला कुलूप लावलं, म्हणजे वरून काळी, आतून चालू, आणि घरी जेवायला गेले. मनात म्हटलं, माझ्या एका टेबलानं काय होणार आहे?

त्या पॅकमध्ये इशाऱ्याच्या पट्टीची फाइल होती. पेशंटला एखादं औषध चालत नसेल तर त्याच्या पानावर वर लाल पट्टी येते, ती. पॅक "यशस्वी" म्हणून संपला, पण ती एक फाइल बसली नाही. जुनी बाकीच्या नव्या फाइलींबरोबर चालेना, आणि नवी आली नाही. रविवारी दुपारपासून आख्ख्या हॉस्पिटलात कुणाच्याच पानावर लाल पट्टी दिसेना, आणि न दिसणारी गोष्ट कुणाच्या लक्षात येणार? त्या संध्याकाळी कान सुजला म्हणून एक बाई दाखल झाली. शाळेत गाणं शिकवायची. चौतीस वर्षांची. तिला एक इंजेक्शन चालत नाही हे आमच्याच रेकॉर्डमध्ये चार वर्षांपूर्वी लिहिलेलं होतं. माझ्याच हातानं. ती तापात होती, नवरा गाडी लावायला गेला होता, विचारणार कोणाला? नर्सनं पान बघितलं, पट्टी नाही, इंजेक्शन दिलं. सात वाजता दिलं, नऊला बाई गेली.

सोमवारी मी आले, स्क्रीनचं कुलूप काढलं. माझी अर्धी नोंद जिथल्या तिथे शाबूत होती. मला बरं वाटलं, देवा शपथ, मला बरं वाटलं. दहा वाजता थांबराव धावत वर आले, रात्री गेलेल्या बाईचं आणि न दिसलेल्या पट्टीचं सांगायला.

चौकशी झाली. तीन डॉक्टर बसले, "तांत्रिक अडचण, व्यक्तिगत दोष नाही" असं लिहून उठले. पॅक बसवताना सर्व्हर सगळं लिहून ठेवतो, कधी काय केलं, कुठे अडलं, कोणी काय बटण दाबलं. त्याला लॉग म्हणतात. तो शेकडो पानांचा लॉग कोणी मागितला नाही. थांबरावांनी शेवटचं एक पान दिलं, "यशस्वी" छापलेलं, आणि तेवढ्यावर भागलं. आठवड्यानं त्या बाईचा नवरा माझ्या खिडकीशी कागद न्यायला आला. मी सही घेतली, कागद दिले. तो म्हणाला, "आभारी आहे." मी खिडकी लावली आणि बाथरूममध्ये जाऊन ओकले.

तोंडाला मात्र कुलूप. आज सांगू, उद्या सांगू. नोकरीची भीती होती, आणि खरं सांगायचं तर लाज जास्त होती. आणि एकदा एक महिना गेला की पुढचं वर्ष जायला काही लागत नाही.

मग मी काय केलं? फौजदारीण झाले. पुढच्या पॅकपासून मी स्वतःहून म्हटलं, फोनवर विश्वास ठेवायचा नाही, मी टेबलाटेबलाला जाते. यादी घेऊन जायचे, प्रत्येक स्क्रीन डोळ्यांनी बघायचे, सही घ्यायचे. एका मोठ्या डॉक्टरांनी "बंद आहे हो, जा तुम्ही" म्हटलं, तर मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले ते ते उठेपर्यंत. लोक हसायचे. अधीक्षकांनी मला प्रशस्तिपत्रक दिलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण माझ्या खवखवीचं लोकांनी कौतुक केलं!

आणि थांबराव? त्यांच्यात काहीतरी बसलं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. रोज सकाळी आल्यावर, चहाच्याही आधी, ते त्या बाईचा नंबर टाकायचे, तिचं पान उघडायचे, लाल पट्टी दिसते का बघायचे, आणि बंद करायचे. मेलेल्या बाईचं पान. अकरा वर्षं, सुट्टीचे दिवस वगळून रोज. मी एकदा म्हटलं, "अहो, दुसऱ्या कुणाचं पान बघा की, पट्टी तीच ना?" ते म्हणाले, "तिच्यावर दिसायला हवी होती."

बढती आली ती नाकारली. लेक दुसऱ्या गावातली नोकरी करून, लग्न करून परत याच गावात आली, तिच्या घरी जायचे ते दाराशी बसून परत यायचे. रात्री झोप नाही. लेक मला फोन करून विचारायची, "मावशी, बाबांना काय झालंय? आईची आठवण येते का?" मी म्हणायचे, "असेल गं."

त्यांना खात होता तो प्रश्न एकच. डबा खाता खाता, लिफ्टमध्ये, कुठेही, मधेच म्हणायचे, "मला विचारलं होतं का गं त्यानं?" म्हणजे असं: फाइल अडली की पॅक कधी कधी थांबतो आणि विचारतो, पुन्हा प्रयत्न करू की वगळू? आणि कधी कधी न विचारता आपोआप पुढे जातो. त्या रविवारी लेक पहिल्यांदाच नोकरीच्या गावाला निघाली होती आणि तिला बसवर सोडायला जायचं होतं. ते घाईत होते. पाच-सहा खिडक्या आल्या, त्यांनी पटापट बटणं दाबली. त्यांतली एक ती होती का? त्यांनी "वगळा" दाबलं का? आठवत नव्हतं. लॉगमध्ये होतं. लॉग त्याच सर्व्हरवर, त्यांच्या बोटाच्या अंतरावर होता, आणि त्यांना तो उघडवत नव्हता.

"उघडा की मग एकदाचा," असं कोणीही म्हटलं असतं. मी म्हणायचे, "सोडा हो. कशाला उकरता?" कारण त्या लॉगमध्ये फाइल कोणी धरून ठेवली होती तेही असणार होतं.

अशी अकरा वर्षं गेली. ते निवृत्त व्हायला दोन महिने उरले आणि शेवटचा पॅक आला. हा बसवला नाही तर सोमवारपासून औषधांची यादी ताजी होणं थांबणार होतं. मी नेहमीप्रमाणे यादी घेऊन फिरले, सह्या घेतल्या, सगळं बंद. थांबरावांनी पॅक सुरू केला. हिरवी रेघ सरकत सरकत त्र्याऐंशी टक्क्यांवर आली, उभी राहिली, आणि मग मागे जायला लागली. स्क्रीनवर आलं, बदल मागे घेत आहोत.

"थांबा, बघू," ते स्वतःशीच म्हणाले.

डिस्कवर जागा होती. व्हायरसचा पहारेकरी झोपवला. सर्व्हर बंद करून चालू केला. परवानग्या तपासल्या. पुन्हा सुरू केलं, त्र्याऐंशी, उभा, मागे. तिसऱ्यांदा तेच. मी म्हटलं, "याला त्र्याऐंशीचं काय वावडं आहे?" ते हसले नाहीत. नव्या प्रयत्नाचा लॉग उघडून खालून वर वाचत गेले, आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

झालं होतं ते असं. नवा पॅक जुन्यावर बसतो, आणि बसण्याआधी जुन्याची मूळ फाइल मागतो. सर्व्हर प्रत्येक पॅकची एक प्रत एका लपवलेल्या कप्प्यात ठेवतो, आणि तिला स्वतःच काहीतरी अगम्य नाव देतो, आकडे आणि अक्षरं, ज्याचा अर्थ त्यालाच ठाऊक. नवा पॅक त्या कप्प्यात अकरा वर्षांपूर्वीची प्रत शोधत होता, आणि ती तिथे नव्हती.

"कुठे गेली?" मी विचारलं.

"मी काढली."

"तुम्ही? कशाला?"

"मागच्या वर्षी डिस्क भरत आली होती. कप्पा उघडला, तर ती तारीख दिसली. त्या तारखेचं जे होतं ते सगळं काढून टाकलं. बघवेना गं."

शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं की त्या कप्प्याला हात लावायचा नाही. थांबरावांनी तो आयुष्यभर दुसऱ्या कोणाला उघडू दिला नव्हता. आणि तारीख बघवत नाही म्हणून स्वतःच्या हातानं त्यांनी त्यातला खिळा उपटला होता. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली.

कंपनीच्या मदतीच्या फोनवरच्या बाईनं शांतपणे उपाय सांगितला. जुना पॅक ज्या डिस्कवरून बसवला होता ती शोधा, त्यातली फाइल कप्प्यात ठेवा, पण अगदी त्याच नावानं. नाव कुठे मिळेल? त्या दिवशीच्या लॉगमध्ये. लॉग वेगळ्या जागी असतो, तो असेल बघा.

तो होता.

रविवारची दुपार, अडीच वाजले होते. बाहेर कुठेतरी स्ट्रेचरचं चाक कुरकुरत गेलं. थांबराव त्या फाइलीच्या नावाकडे बघत बसले. मग ते उठले, पाठ फिरवली, आणि भिंतीच्या फळीवरचा जुन्या डिस्कांचा खोका खाली घेतला.

"तू बस तिथे. मी डिस्क शोधतो, तू वाच. फाइलीचं नाव शेवटी येईल. पण आधीपासून वाच. पट्टीची फाइल जिथे आहे तिथून."

"मीच?"

"दुसरं कोण आहे मला?"

मी बसले. खुर्चीला अजून त्यांच्या अंगाची ऊब होती. मी फाइल उघडली. मनात पहिला विचार आला तो सांगते, लपवून काय करू: माझी ओळ गाळायची. मी रेकॉर्डवाली आहे, ओळ गाळून वाचणं मला जमतं, आवाजसुद्धा बदलत नाही. त्यांची पाठ होती माझ्याकडे. विरलेल्या कोपरांतून त्यांचा शर्ट दिसत होता. डिस्का एकमेकींवर आपटत होत्या.

मी वाचायला लागले. अकरा बावन्नला सुरुवात. अमुक फाइल बसली. तमुक बसली. मग ती ओळ आली.

"बारा दहा," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच परका वाटला. "इशारा पट्टीची फाइल वापरात आहे. बदलता येत नाही. धरून ठेवणारा... रेकॉर्ड, टेबल तीन."

डिस्कांचा आवाज थांबला.

"टेबल तीन कोणाचं होतं तेव्हा?"

"माझंच. तेव्हाही माझंच." आणि मग मी सगळं ओकले. अर्धी नोंद, स्क्रीनचं कुलूप, फोनवरचं "हो, केलं". अकरा वर्षांत शंभरदा मनात म्हटलेलं, त्यामुळे भराभर झालं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

ते वळले नाहीत. फळीला धरून उभे राहिले. तिथूनच विचारलं, "मग? पुढे? मला विचारलं का त्यानं?"

पुढची ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. ती मी आधीच वाचली होती. बारा वाजून दहा मिनिटं चाळीस सेकंद: विचारले, पुन्हा प्रयत्न की वगळा. बारा वाजून दहा मिनिटं त्रेचाळीस सेकंद: उत्तर, वगळा.

तीन सेकंद. त्याला त्यांनी तीन सेकंद दिले होते. जो माणूस लिफ्टचं साधं बटण दाबायलासुद्धा "थांबा, बघू" म्हणतो.

"काय गं? बोल ना! विचारलं होतं का?"

"नाही," मी म्हणाले. "विचारलं नव्हतं. आपोआप पुढे गेला."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. वगळली असं लिहिलंय. आपोआप. तुम्हाला विचारायचा प्रश्नच नव्हता."

त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. रडणं म्हणवत नाही. मग ते वळायला लागले, आणि मी पान खाली सरकवलं, पार शेवटपर्यंत, फाइलीच्या नावापर्यंत. ते खुर्चीशी आले, स्क्रीनकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं.

"अकरा वर्षं," ते म्हणाले. "तू माझ्यासमोर बसून जेवलीस. मी तुला विचारत होतो, आणि तू मला आमटी वाढत होतीस."

"हो."

"एकदा म्हणाली असतीस. एकदाच. मी कुणाला सांगितलं नसतं गं. मी एकटा नाही एवढं तरी मला कळलं असतं."

चूक माझी की यंत्राची हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. त्यांना लागलं ते हेच, की अकरा वर्षं त्यांना मी एकटं ठेवलं. आणि ते खरंच होतं. त्यांच्या तीन सेकंदांनी त्यातलं काही कमी होत नव्हतं.

"नाव सांगा," ते म्हणाले.

सव्वीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा अहो-जाहो केलं. मी ते अगम्य नाव एकेक अक्षर सांगत गेले, त्यांनी पेननं तळहातावर लिहून घेतलं. डिस्क सापडली. फाइल त्याच नावानं कप्प्यात गेली. पॅक पुन्हा सुरू केला. दोघंही उभे होतो. एकाऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी, तिथे तो क्षणभर अडखळला, आणि चौऱ्याऐंशी. मग सरळ शंभर. थांबरावांनी माझ्याकडे न वळता म्हटलं, "तुम्ही निघा आता." मी निघाले.

सोमवारी मी डबा घेऊन टेबलाशी बसले. ते आले नाहीत. मंगळवारीही नाही. दोन महिने त्यांनी डबा सर्व्हरच्या खोलीत खाल्ला, एकट्यानं, त्या गारठ्यात. माझ्याविरुद्ध अर्ज केला नाही, कुणाकडे बोलले नाहीत. निरोपाच्या दिवशी सगळ्यांचे हात हातात घेतले, माझ्यापाशी आले आणि मान हलवून पुढे गेले. लोक म्हणाले, फौजदारणीचं आणि थांबरावांचं काय बिनसलं? मी म्हटलं, मीठ जास्त झालं.

उपकार केलेस त्यांच्यावर, असं कोणी म्हणू नका, थोबाडीत देईन. ती ओळ मी का वाचली नाही, मला धड माहीत नाही. दया असेल. शिक्षाही असेल, सगळीच्या सगळी माझ्या अंगावर घ्यायची हाव असेल. मी आयुष्यात एक ओळ खोडली नव्हती, आणि खोडली ती ही. आणि त्या बाईच्या नवऱ्याला काय सांगितलंस, म्हणाल, तर काही नाही. त्याचा पत्ता माझ्याकडे आहे. मी तो काढते, बघते, ठेवून देते.

तो लॉग अजून सर्व्हरवर आहे. कोणीही उघडू शकेल. सर्व्हरच्या खोलीत आता दुसरा माणूस असतो, त्याला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. मीच कधी कधी काही निमित्त काढून खाली जाते आणि दारातून परत येते.

गेल्या महिन्यात औषधांच्या दुकानात थांबरावांची लेक भेटली. मी "कशी आहेस गं?" म्हटलं. ती उत्तर द्यायच्या आधी जरा मागे सरकली.

"बाबा बरे आहेत," ती म्हणाली. "झोपतात आता. रात्रभर. माझ्या मुलीला रेडिओ उघडून दाखवतात, हसतातसुद्धा." मग तिचा आवाज चढला. "त्यांनी सांगितलं मला. तुमच्यामुळे एक बाई मेली, आणि माझ्या बाबांनी अकरा वर्षं ते स्वतःवर घेतलं. मी तुम्हाला मावशी म्हणत होते! फोन करून करून विचारत होते, आणि तुम्ही म्हणायचात, आईची आठवण येत असेल. लाज कशी वाटली नाही तुम्हाला?"

दुकानदार बघायला लागला. रांगेतले दोघं-तिघं बघायला लागले. माझ्या ओठांवर ते तीन सेकंद आले, अगदी दातांपाशी आले. हिच्याच बससाठी होते ते तीन सेकंद. ही खिडकीशी बसून हात हलवत गेली असेल, आणि बाप बसमागे धावला असेल, वेळेवर पोचलो म्हणून खूश.

"बरोबर बोलतेस तू," मी म्हणाले. "तेव्हाच सांगायला हवं होतं मी."

"मग सांगितलं का नाही?"

"भ्यायले गं."

ती माझ्याकडे बघत राहिली, बहुतेक मी आणखी काही बोलेन म्हणून. तिनं बाबांची गोळ्यांची पिशवी उचलली आणि निघून गेली, आणि रांगेत माझा नंबर आला.